दूधबावेचे पाणी आणि नारळाचा रस

मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटते आणि थोड्याच वेळात सिंधुदुर्गाची तटबंदी समोर उभी राहते. छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या जलदुर्गाची पायाभरणी केली आणि १६६७ मध्ये तो पूर्ण झाला. गोमुखी बांधणीच्या दरवाजातून आत शिरले की माडांची झाडे, काही कुटुंबांची वस्ती आणि श्रीशिवराजेश्वराचे मंदिर दिसते. मग वाटाड्या पर्यटकांना विहिरींकडे घेऊन जातो. चहूबाजूंना खारा समुद्र, आणि मधोमध गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! त्यांची नावे आहेत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव.

नावे ऐकून लहान मुले मोठ्या उत्सुकतेने कठड्यावरून आत डोकावतात आणि हिरमुसतात. आत दूधही नसते, दहीही नसते. असते ते साधे पाणी. पण ज्यांनी खाऱ्या पाण्याच्या वेढ्यात महिनोन् महिने पहारे दिले, त्यांना ते पाणी दुधाहून कमी वाटले नसणार. नाव पडले ते असे कौतुकाने.

होडीने परत यावे, उन्हाने तापलेल्या डोक्यावर पाणी घ्यावे आणि मालवणातल्या एखाद्या घरी ओटीवर टेकावे, तर नेमका उलटा प्रकार घडतो. आतून पांढरीशुभ्र, वेलचीचा वास येणारी वाटी येते. शहरातला पाहुणा पहिला घोट घेऊन विचारतो, "हे कसले दूध?" त्यावर घरातली बाई हसून सांगते, दूध नाही, नारळाचा रस आहे!

जिथे दूध नाही त्या विहिरीला दूधबाव म्हणायचे, आणि जे हुबेहूब दुधासारखे दिसते त्याला मात्र रस म्हणायचे, हा मालवणी माणसाचा खाक्या. वरवर गमतीचा वाटणारा हा फरक किती शहाणपणाचा आहे, हे अलीकडे दुकानांतून मिळणाऱ्या सोया, बदाम आणि ओटच्या 'दुधा'ची खोकी पाहिली की कळू लागते.

माडाच्या मुलखात

कुडाळ स्थानकावर उतरून मालवणकडे निघाले की सुमारे तीस किलोमीटरचा रस्ता धामापूरच्या तलावाजवळून जातो. वाटेत जांभ्या दगडाचे गडगे, कौलारू घरे, परसात केळी, फणस, रातांब्याची झाडे. आणि समुद्र जसजसा जवळ येतो तसतसे माड दाट होत जातात. तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात तर एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या वाळूवर माडच माड!

येथे नारळाचा रस घरोघरी का आला, याचे उत्तर या जमिनीत आहे. पावसाळ्यात कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, पण जांभ्याच्या कातळावरून ते पाणी वाहून जाते. पावसाळा संपला की काही महिन्यांतच डोंगरउतारावरचे गवत वाळते. भाताचा पेंढा हाच जनावरांचा मुख्य चारा. अशा चाऱ्यावर तग धरणारी कोकणची गाय अंगाने लहान, चढ-उतारावर काटक. तिचा बैल चिखलात उत्तम काम करतो, पण दूध मात्र बेताचेच. सकाळचा चहा आणि देवाच्या नैवेद्यापुरते दूध मिळाले तरी पुष्कळ. बासुंदी, खवा, पेढे हे देशावरचे वैभव या किनाऱ्यावर फारसे रुजले नाही.

माड मात्र गोठ्यातल्या गाईपेक्षा बिनतक्रार! उंच जातीचे झाड एकदा लागू झाले की दोन-तीन पिढ्या फळ देते. साधारण दर महिन्याला त्याला नवी पोय फुटते, आणि फुलापासून पक्का नारळ व्हायला सुमारे बारा महिने लागतात. त्यामुळे एकाच झाडावर एकाच वेळी कोवळी बोंडे, शहाळी आणि पक्के नारळ लटकताना दिसतात. या भागातली जुनी उंच जात 'बाणवली' म्हणून ओळखली जाते. गोव्यातल्या बाणावली गावाच्या नावावरून ते नाव आले. रसासाठी नारळ लागतो तो पूर्ण पक्का. शहाळ्याची मलई चवीला गोड असली तरी तिच्यात रसाला लागणारे तेल भरलेले नसते.

पहिला रस, दुसरा रस

मालवणी स्वयंपाकघरात रस काढणे हे रोजचे काम आहे, पण त्यालाही शिस्त आहे. नारळ फोडला की त्याचे पाणी घरातल्या लहान मुलाच्या वाट्याला. मग बाई विळीवर किंवा अडाळ्यावर बसून वाटी खवायला घेते. खवताना करवंटीलगतचा तपकिरी थर येऊ द्यायचा नाही, हा पहिला धडा. तो आला की रस काळपट होतो.

खवलेले खोबरे पूर्वी पाट्यावर वाटत, आता मिक्सर आला आहे. मात्र दोन्हींचे तत्त्व एकच. खोबऱ्यातले तेल आणि पाणी एरवी एकमेकांत मिसळत नाहीत. वाटताना खोबऱ्याच्या पेशी फुटतात, तेलाचे अतिसूक्ष्म थेंब बाहेर पडतात आणि खोबऱ्यातलीच थोडी प्रथिने त्या थेंबांभोवती पातळ आवरण धरून त्यांना पाण्यात तरंगत ठेवतात. म्हणून तो द्रव पांढरा दिसतो. गाईचे दूध पांढरे दिसण्यामागेही बरेचसे असेच कारण आहे. साम्य आहे ते इथे.

पहिल्यांदा अगदी थोडे कोमट पाणी घालून वाटायचे आणि मलमलच्या फडक्यातून घट्ट पिळून घ्यायचे. हा पहिला रस सायीसारखा दाट असतो. तो वेगळा ठेवायचा. उरलेल्या चोथ्यात पुन्हा कोमट पाणी घालून वाटायचे, तो दुसरा रस. काही घरांत तिसराही काढतात. तो पाण्यासारखा पातळ असतो आणि भात किंवा आमटीत खपतो. पाणी कोमटच का, याचेही कारण आहे. खोबरेल साधारण चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठते. गार पाण्याने वाटले तर निम्मे सत्त्व चोथ्यातच राहते. आणि पाणी उकळते असेल तर रस फुटण्याची भीती.

आमटीत किंवा मोरीच्या कालवणात दुसरा रस आधी पडतो आणि पहिला अगदी शेवटी, भांडे उतरवताना. पिण्याच्या रसात मात्र दोन्ही एकत्र करतात.

खापरोळी, शिरवाळे आणि गुलाबी कढी

गोड रस सहसा एकटा येत नाही. तांदूळ, उडीदडाळ आणि मेथ्या भिजवून, वाटून, आंबवलेल्या पिठाची जाडसर, जाळीदार खापरोळी तव्यावरून उतरते आणि गूळ-वेलची घातलेल्या रसात बुडते. रस पिऊन ती इतकी मऊ होते की उचलताना तुटावी. तांदळाच्या घावनांबरोबरही हाच रस देतात.

शिरवाळ्यांचा थाट आणखी मोठा. तांदळाच्या पिठाची उकड काढून तिचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबून शेवया पाडायच्या. दाबायला एक जोरकस माणूस, खाली पान धरायला दुसरे. त्यामुळे शिरवाळे हा एकट्यादुकट्याचा पदार्थच नव्हे. पाहुणे यावेत, घर भरलेले असावे, तेव्हा साचा माळ्यावरून खाली येतो. वाटीत शेवया, वर पिवळसर गोड रस, आणि ओटीवर रांगेने बसलेली मुले, हे दृश्य ज्याने लहानपणी अनुभवले तो पुढे जगाच्या पाठीवर कुठेही गेला तरी ते विसरत नाही.

आणि मग सोलकढी! वैशाखात रातांबे पिकतात. पावसाची पहिली सर येण्यापूर्वी ते फोडून, साली फळाच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवायच्या. ही झाली सोले. याच फळाचा मीठ घालून टिकवलेला रस म्हणजे आगळ. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. सोलांचे लाल पाणी नारळाच्या रसात पडते तेव्हा जो गुलाबी रंग उमटतो त्याला कुठल्याही बाटलीतल्या रंगाची सर नाही. लसूण, हिरवी मिरची, मीठ आणि वर कोथिंबीर. माशांचे जेवण झाल्यावर भातावर घ्यावी, नाहीतर वाटीने प्यावी. नारळ न घालता केवळ सोलांच्या पाण्याची करतात ती तिवळ.

नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर सारा गाव लोटतो. समुद्राला नारळ अर्पण होतो आणि मग नारळ लढवण्याची धमाल सुरू होते. एकाने आपला नारळ हातात धरायचा, दुसऱ्याने त्यावर आपला आपटायचा. ज्याचा फुटला तो हरला. अलीकडे स्त्रियांच्याही स्पर्धा रंगतात. ज्याच्या हाताला जोर, त्याच्या पिशवीत फुटक्या नारळांची रास. फुटलेला नारळ काही साठवून ठेवता येत नाही. त्या दिवशी घरोघरी नारळीभात होतो आणि रसही निघतोच.

दूध म्हणावे की नाही?

काही मुलांना गाई-म्हशीचे दूध पचत नाही. पोट फुगते, गुडगुडते, जुलाब होतात. दुधातली लॅक्टोज ही साखर पचवणारे लॅक्टेज नावाचे पाचक द्रव्य तान्हेपणी भरपूर असते. पुढे अनेकांच्या शरीरात ते कमी होत जाते. भारतात उत्तरेपेक्षा दक्षिणेकडे असे लोक अधिक आढळतात. काहींना दुधातल्या प्रथिनांचीच ॲलर्जी असते, तर काही जण तत्त्व म्हणून प्राण्यांचे दूध वर्ज्य करतात. महात्मा गांधींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडले. पुढे भारतात आल्यावर जबर आजारपणात त्यांना शेळीच्या दुधाचा आधार घ्यावा लागला आणि त्याची खंत त्यांनी आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने मांडली. दुधाची जागा घेईल अशी वनस्पती सापडावी, ही त्यांची तळमळ होती.

म्हणजे प्रश्न नवा नाही. नवी आहे ती आकर्षक खोकी आणि त्यांवरचा 'दूध' हा शब्द. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ मध्ये या शब्दाच्या वापरावर बोट ठेवले. नियमांनुसार 'दूध' हे नाव प्राण्यांपासून मिळणाऱ्या दुधासाठीच आहे. वनस्पतीपासून केलेल्या पेयांनी ते लावून दुग्धजन्य पदार्थांच्या पंक्तीत बसू नये, असे प्राधिकरणाने बजावले. नारळाच्या दुधासारख्या परंपरेने रूढ झालेल्या नावांना मात्र यातून वगळण्यात आले.

म्हणजे ज्या एका पदार्थाला कायद्याने 'दूध' म्हणायची मुभा दिली, त्यालाच मालवणी माणूस पिढ्यान् पिढ्या 'रस' म्हणत आला आहे!

हा शब्दांचा खेळ नव्हे. दूध हा शब्द ऐकला की आईच्या मनात पौष्टिकतेचे चित्र उभे राहते आणि तिथेच फसगत होते. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात तेहतीस ग्रॅमच्या आसपास स्निग्ध पदार्थ असतात, पण प्रथिने जेमतेम तीन-साडेतीन ग्रॅम. त्यातलीही बरीच चोथ्यात जातात. गाईच्या शंभर मिलिलिटर दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. खोबऱ्यात ते त्याच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणून वाढत्या मुलाचा दुधाचा पेला बंद करून नारळाचा रस सुरू केला आणि आपले कर्तव्य संपले असे मानले, तर त्या मुलाचे नुकसान आहे. एक वर्षाखालील बाळाला तर आईच्या दुधाऐवजी किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या दुधाऐवजी कोणतेही वनस्पतीचे पेय देऊ नये. मोठ्या मुलाला दूध सोसत नसेल तर नाचणी, तीळ, डाळी, पालेभाज्या, आणि सोसत असेल तर दही-ताक यांची जोड द्यावी, आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मालवणात तरी वेगळे काय घडत आले? तिथे रसाबरोबर मासे होते, नाचणीची भाकरी होती, कुळथाची पिठी होती. एकट्या रसावर मुले वाढवण्याचा दावा कोणी केला नाही. रस होता तो चवीसाठी, तृप्तीसाठी, उन्हाळ्यातल्या गारव्यासाठी. म्हणूनच त्याला दुधाचे नाव उसने घ्यावे लागले नाही.

माडावर चढणार कोण?

इतका सोपा, इतका घरगुती हा पदार्थ. मग चिंता कशाची?

चिंता आहे ती माडाच्या शेंड्यापासूनच सुरू होते. साठ-सत्तर फूट उंच माडावर चढून नारळ पाडणाऱ्या माणसाला इथे पाडेली म्हणतात. कमरेला कोयता, पायात दोरीचा फास, आणि सर्रकन वर. पण हे काम जिवावरचे. म्हातारा पाडेली खाली उतरला आणि त्याचा मुलगा मुंबईला किंवा गोव्याला नोकरीला गेला, ही कथा गावोगावची. पाडेली वेळेवर मिळाला नाही की पक्के नारळ आपोआप गळतात, किंवा त्याआधीच माकडांच्या तावडीत सापडतात. नारळ विकास मंडळाने २०११ पासून यंत्राच्या साहाय्याने माडावर चढण्याचे प्रशिक्षण तरुणांना द्यायला सुरुवात केली. काही स्त्रियाही ते शिकल्या. पण सगळ्या वाड्यांना पुरतील इतके हात कुठून आणायचे? त्यात २०२५ मध्ये नारळाच्या भावाने उसळी घेतली, तेव्हा बागाइतदाराला चार पैसे मिळाले खरे. परंतु विकत घेऊन रस काढणाऱ्या घराने मात्र एका नारळात दोन वेळा भागवायचे ठरवले.

दुसरी अडचण घरातली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर खुली झाली आणि चाकरमान्यांना गाव जवळ आले. गणपतीला, मे महिन्यात घरे उघडतात, गजबजतात. पण एरवी अनेक घरांत म्हातारी जोडपीच असतात. दोन माणसांसाठी नारळ खवायचा कोणी आणि शिरवाळ्यांचा साचा दाबायचा कोणी? रस काही लोणच्यासारखा बरणीत भरून ठेवता येत नाही. कोकणच्या दमट उन्हाळ्यात तो काही तासांतच आंबू लागतो. सकाळी काढलेला दुपारी संपवायचा, हाच त्याचा नियम. म्हणून जिथे माणसे आहेत तिथेच रस आहे. घर मिटले की तोही मिटला.

निवास-न्याहारीची सोय करणाऱ्या घरांमुळे मात्र थोडी उलटी हवा वाहू लागली आहे. तारकर्ली, देवबाग, मालवण येथे पर्यटकांना आपल्याच घरातल्या खोल्या देणाऱ्या कुटुंबांत आता रोज पंधरा-वीस माणसांचे पान असते. पाहुणे सोलकढी मागतात, खापरोळीची चौकशी करतात. जे काम दोघांसाठी जड वाटत होते ते वीस जणांसाठी करताना पुन्हा अर्थपूर्ण होते. पर्यटकांनीही एक करावे. जेवणात बाटलीबंद शीतपेय न मागता, सकाळीच घरच्या बाईंना सांगून ठेवावे की दुपारी रस हवा. ऐनवेळी मागितला तर त्यांना पूड कालवण्यावाचून पर्याय राहत नाही.

मानेसरच्या थंडीत

आता कोकणापासून फार दूर जाऊ. हरियाणात, दिल्ली-जयपूर महामार्गावर, अरवलीच्या पायथ्याशी मानेसर ही औद्योगिक वसाहत आहे. मोटारी आणि दुचाक्यांचे मोठे कारखाने येथे आहेत आणि नोकरीसाठी देशभरातली कुटुंबे येऊन राहिली आहेत. हा मुलूख मुऱ्हा म्हशीचा, लोण्याचा, पेलाभर लस्सीचा. शेजारीण प्रेमाने दुधाचा पेला पुढे करते आणि कोकणातून आलेल्या सुनेच्या मुलाला तो पचत नाही, असा प्रसंग येथे सहज येऊ शकतो. अशा घराने आजोळचा रस करून पाहायला हरकत नाही. फक्त काही पथ्ये पाळावीत.

उत्तरेकडे नारळ दक्षिणेतून येतो आणि दुकानात पोचेपर्यंत जुना होतो. घेताना कानाशी हलवून आत भरपूर पाणी आहे याची खात्री करावी. डोळ्यांपाशी ओल किंवा बुरशी असेल तर तो घेऊ नये. जानेवारीत तेथे रात्रीचे तापमान चार-पाच अंशांपर्यंत उतरते. अशा वेळी रस काढून ओट्यावर ठेवला की थोड्याच वेळात वर पांढऱ्या मेणासारखा थर जमतो. गृहिणीला वाटते रस नासला. तो नासलेला नसतो, तेल गोठलेले असते. भांडे कोमट पाण्यात ठेवून ढवळले की पूर्ववत होतो. हिवाळ्यात रस कोमटच प्यावा, हे उत्तम. ताजा नारळ मिळालाच नाही, तर सुक्या खोबऱ्याचा बिनसाखरेचा कीस गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, वाटून, गाळून काम भागते. चव थोडी उणी पडते एवढेच.

आणि मुलाला प्रथिनेही मिळावीत अशी इच्छा असेल, तर नारळाऐवजी सोयाबीनकडे वळावे. सोयाबीनमध्ये प्रथिने चाळीस टक्क्यांच्या आसपास असतात. मात्र ते कच्चे कधीही पिऊ नये; त्यातील पचनाला अडथळा आणणारे घटक उकळल्यानेच निकामी होतात. सोयाबीनचा उग्र वास येतो तो गार पाण्यात वाटल्यामुळे. उकळत्या पाण्यात वाटले तर हा वास निर्माणच होत नाही, हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले. आपल्याकडेही म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्यातील प्रथिने म्हशीच्या दुधात मिसळून 'मिल्टोन' हे पेय तयार केले होते.

घरी करून पाहा

नारळाचा गोड रस (चौघांसाठी) : एका मोठ्या नारळाचे खोबरे खवून एक वाटी कोमट पाण्यात वाटा व पिळून घ्या. चोथ्यात आणखी दीड वाटी कोमट पाणी घालून दुसरा रस काढा. दोन्ही एकत्र करा. पाऊण वाटी चिरलेला गूळ थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून, पूर्ण गार झाल्यावर मिसळा. अर्धा चमचा वेलचीपूड आणि चिमूटभर मीठ घाला. हवे असल्यास जायफळ किसून घाला. मुलांसाठी यातच एक पिकलेले केळे किंवा हापूसच्या दोन फोडी घुसळल्या तर वेगळी चव येते. मग गूळ कमी करा.

सोलकढी : आठ-दहा सोले एक वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा. दोन लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची खोबऱ्याबरोबरच वाटा आणि वरीलप्रमाणे रस काढा. सोलांचे पाणी गाळून हळूहळू मिसळा, चवीपुरते मीठ घाला, वर कोथिंबीर. काचेचे, चिनी मातीचे किंवा स्टीलचे भांडे वापरा. पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नये. सोलकढी गरम करू नका, फुटते.

सोयाबीनचे पेय : एक वाटी सोयाबीन रात्रभर भिजवा, पाणी फेकून साले चोळून काढा. उकळत्या पाण्यात थोडे थोडे घालून वाटा. एकूण सहा वाट्या पाणी लागेल. गरम मिश्रण मिक्सरमध्ये घालताना भांडे अर्धेच भरा व झाकण फडक्याने दाबून धरा. गाळून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे ढवळत उकळा. फेस भराभर वर येतो, भांडे मोठे घ्या. गार झाल्यावर खजूर, कोको किंवा वेलची घाला.

ही सर्व पेये ताजीच प्यावीत. फ्रिजमध्ये ठेवायचीच असतील तर दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावीत. तळाशी किंवा वर थर जमला तर ढवळून घ्यावे. आंबूस वास आला तर मात्र टाकून द्यावे. नारळाचा चोथा वाया घालवू नये. तो चटणीत किंवा घावनाच्या पिठात मुरतो.

कसे जाल?

मुंबईहून कोकण रेल्वेने कुडाळ किंवा कणकवलीला उतरावे, तेथून एस.टी. बस व रिक्षा मिळतात. ऑक्टोबर ते मे हा काळ सोयीचा. पावसाळ्यात सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात. रातांब्याची लाल रास पाहायची असेल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात जावे. परतताना आगळाची बाटली, सोलांची पुडी आणि दोन-चार असोले नारळ घ्यावेत. सोडणासकट नारळ अधिक टिकतो.

आणि जमल्यास एक लहानसा अडाळाही घ्यावा. तो पिशवीत जागा अडवतो, गाडीत त्याचे पाते कोणाला लागेल म्हणून जपावे लागते, आणि घरी आल्यावर मिक्सरच्या शेजारी तो अगदीच जुनाट दिसतो. पण एखाद्या रविवारी आई त्याच्यावर नारळ खवायला बसली, मुलगा पाण्यासाठी वाटी घेऊन उभा राहिला आणि वडील फडके पिळायला आले, की मालवणातला तो पदार्थ मुंबईत असो वा मानेसरमध्ये, पुन्हा त्याच्या खऱ्या नावाने घरात येतो. मुलाने विचारले, "आई, हे दूध का गं?" तर तिने हसून सांगावे, "नाही रे बाळा, रस आहे. लवकर पी, उद्यापर्यंत राहायचा नाही!"